निकाल पेटीत आणि नाव दुसऱ्याचे

(हिंगोली भागातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही आपणांपुढे पांडित्याचे व्याख्यान झोडण्यास उभे राहिलो नाही. ज्या काळ्या आईच्या जिवावर आपली चूल पेटते, तिच्यावर सरकारदफ्तरी आपले नाव आहे की दुसऱ्याचे, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही आलो आहोत. प्रश्न साधा आहे. पण त्यापायी उभी घरे बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

आधी आमच्या भावकीतलीच हकीकत सांगतो. आमच्या एका चुलतीचा नवरा ऐन उमेदीत वारला. वडिलोपार्जित आठ एकर जमीन, ती सगळी दिराच्या नावावर. दीर हिस्सा देईना. बाईने दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. दहा-अकरा वर्षे तारखा झाल्या. तारखेच्या दिवशी मजुरी बुडे, एस.टी.चे भाडे जाई, वकिलाची फी वेगळीच. शेवटी निकाल लागला: अर्धी जमीन या बाईची, तिचा हिस्सा वेगळा काढून ताबा द्यावा. बाईने देवापुढे नारळ फोडला, निकालाचा कागद फडक्यात बांधला, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि पेटीत ठेवला. दिरानेही बांधावर उभे राहून ‘ही चार एकर तू कर’ असे तोंडाने सांगितले. बाईला वाटले, आता कसली चिंता!

सात वर्षांनी एक परका गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन तिच्या उभ्या हळदीत शिरला. मधल्या काळात दीर मेला, वारस म्हणून सबंध आठ एकरांवर पुतण्याचे नाव चढले, आणि पुतण्याने सडकेकडची दोन एकर विकून टाकली. बाई म्हणाली, ‘ही जमीन मला कोर्टाने दिली आहे.’ तो म्हणाला, ‘बाई, सातबाऱ्यावर तुमचे नाव कुठे आहे?’ नाव नव्हते. कोर्टाचा निकाल सात वर्षे पेटीत निजला होता, आणि चावडीच्या कागदावर जुनेच राज्य चालू होते.

कायद्याने बाई बुडाली नाही, हे आम्ही लगेच सांगून टाकतो. विकणाऱ्याजवळ जितका हक्क असतो त्याहून जास्त हक्क घेणाऱ्यास मिळत नाही. पण हे सिद्ध करण्यास पुन्हा वकील, पुन्हा दरखास्त, पुन्हा मोजणी. तीन वर्षे आणि दुभत्या म्हशींची जोडी त्यात गेली. निकाल लागला त्याच हंगामात जे काम थोडक्यात उरकले असते, त्यासाठी बाईने दुसरा संसार खर्ची घातला. चूक कोणाची? पुतण्याचा लबाडपणा तर खराच. पण कोर्टाचा निकाल आपल्या पायांनी चालत चावडीवर जात नाही, ही गोष्ट त्या माउलीस कोणी सांगितली नाही. ती सांगण्यासाठीच आजचे हे भाषण.

बंधूंनो, दिवाणी कोर्ट आणि महसूल खाते ही दोन वेगळी घरे आहेत. जमीन कोणाची हे ठरविण्याचा अधिकार कोर्टाचा. ठरलेले लिहून ठेवण्याचे काम महसूल खात्याचे. तलाठी कोणास मालक बनवीत नाही, आणि न्यायाधीश कोणाचा सातबारा लिहीत नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडकागद. सातात कब्जेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी आणि इतर हक्क, बारात पीकपाणी. मध्यप्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की फेरफाराची नोंद ही महसुलाच्या कामापुरती आहे, तिने मालकी मिळत नाही व जातही नाही. मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात जावे आणि तेथल्या निकालाप्रमाणे मग नोंद करून घ्यावी.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘मग नोंदीची एवढी घाई कशाला?’ येथेच आमचा भोळा शेतकरी फसतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद खोटी ठरेपर्यंत, किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरीच मानली जाते. म्हणजे कोर्टात तुम्ही जिंकलात, पण कागदावर हरलेल्याचे नाव राहिले, तर जगाच्या दृष्टीने मालक तोच. पीककर्ज देताना सोसायटी आणि बँक तेच नाव पाहते. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार रुपये, सगळे त्या नावाच्या मागे धावतात. उद्या सडकेसाठी किंवा कालव्यासाठी जमीन गेली तर संपादनाची नोटीस त्याच नावाने निघते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती ही तऱ्हा.

आपल्या हिंगोलीकडे ही अडचण जरा जास्तच आहे, आणि तिचे मूळ आपल्या इतिहासात आहे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरचा कारभार उर्दूत, साल फसली, आणि गावचे दफ्तर पटवाऱ्याच्या घरी रुमालात बांधलेले. कुणब्यास नांगर कळे, सुतारास वाकस कळे; पण रुमालातल्या कागदात आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे दोघांसही कळत नसे. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती शेत, असा तो काळ. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कुळकर्ण्याच्या लेखणीने आणि कोर्टकचेरीच्या खर्चाने अज्ञानी शेतकरी कसा नागवला जातो, हे पुणे प्रांतातले पाहून लिहिले. शाहू महाराजांनी करवीर राज्यात १९१८ साली वंशपरंपरेचे कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आमच्याकडे ती पहाट उशिरा झाली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. हक्कनोंदीचा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ च्या सुमाराचा. कुळकायदा १९५० चा. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. आजचा महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पाहा, एकाच शेताचा कागद किती राजवटींतून आणि किती कचेऱ्यांतून फिरला! म्हणून कुणाकडे जुना निकाल असतो तो सर्व्हे नंबराचा, आणि आजचा सातबारा असतो गट नंबराचा. कुणाजवळ उर्दूतला कागद असतो, तो वाचणारा गावात उरलेला नाही. अशा वेळी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, जुने फेरफार आणि सर्व्हे-गटाचा मेळ दाखविणारा उतारा काढावा. प्रसंगी परभणीची वाटही धरावी. फसली साल दिसले तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण निघते. उर्दू कागदाचे मराठी भाषांतर जाणत्याकडून करून घ्यावे. कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नका; त्यातच तुमच्या आज्याची मेहनत लिहिलेली असते.

आता निकाल हाती आल्यावर काय करावे, ते क्रमाने ऐका.

पहिले काम, निकालपत्र आणि हुकूमनामा या दोहोंच्या प्रमाणित नकला कोर्टातून काढा. वकिलाच्या दप्तरातली छायाप्रत कामाची नाही. मग गावातल्या लिहित्यावाचत्या पोराला जवळ बसवून हुकूमनामा आणि सातबारा शेजारी ठेवून ताडून पाहा. गट नंबर तोच आहे काय? क्षेत्र तेच आहे काय? नावात बापाच्या जागी आज्याचे नाव पडले नाही ना? हुकूमनाम्यात लिहिण्याची चूक असेल तर ती तलाठी दुरुस्त करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात अर्ज देऊन ती सुधारून घ्यावी लागते. आधी हे करा, नाहीतर चावडीवर ‘नंबर जुळत नाही’ एवढ्या एका वाक्यावर तुमचा अर्ज मागे फिरेल.

दुसरे काम, निकाल कोणत्या जातीचा आहे हे समजून घ्या. सगळे निकाल सारखे नसतात. कोर्टाने ‘ही जमीन वादीच्या मालकीची आहे’ असे ठरवून दिले असेल, तर त्यावरून नावाची नोंद मागता येते. कोर्टाने फक्त ‘प्रतिवादीने वहिवाटीस हरकत करू नये’ एवढाच मनाई हुकूम दिला असेल, तर तो ताब्याच्या रक्षणासाठी आहे. तेवढ्यावर मालक म्हणून नाव लागत नाही. पुष्कळ लोक असा हुकूम घेऊन चावडीवर हेलपाटे घालतात आणि तलाठ्यास शिव्या देतात. साठेखतावरून खरेदीखत करून द्यावे असा हुकूम असेल, तर खरेदीखत नोंदवून घ्या, समोरचा आला नाही तर कोर्टामार्फत घ्या, आणि मग फेरफार मागा. तडजोडीचा हुकूमनामा असेल आणि त्यात दाव्याबाहेरची दुसरी जमीन घातली असेल, तर त्या जमिनीपुरती दस्तनोंदणी लागते.

वाटणीचा निकाल ही सर्वांत अवघड जात. आमची चुलती फसली ती येथेच. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात कोणाचा किती आणे हिस्सा, एवढेच ठरते. कोणता बांध कोणाचा, हे त्यात नसते. सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टराकडे जाते. तेथून ते तहसीलदाराकडे आणि मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे येते. मोजणी होते, हिस्से पडतात, ताबा दिला जातो, आणि मग ज्याच्या त्याच्या नावाने पोटहिस्सा निघतो. यातली एकेक पायरी तुम्ही मागे लागल्याशिवाय हलत नाही. तुकडेबंदीचा कायदा आड येतो काय, हेही आधीच विचारून ठेवा. आणि मुदत विसरू नका. हुकूमनाम्याच्या बजावणीस साधारणपणे १२ वर्षांची मुदत आहे. अमुक गोष्ट करून द्यावी अशा करणीच्या मनाई हुकमास ३ वर्षांचीच. चुलतीचा निकाल आणखी पाच वर्षे पेटीत राहता, तर आज आम्ही तिची ही गोष्ट रडत सांगितली असती.

तिसरे काम चावडीवरचे. महसूल अधिनियमाचे कलम १४९ सांगते की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावी, आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच ताबडतोब द्यावी. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, काम तेच. तोंडी वर्दी चालते असे कायदा म्हणतो. आम्ही म्हणतो, ती कधीही तोंडी देऊ नका. लेखी द्या, सोबत नकला जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. तीन महिने टळले म्हणून हक्क बुडत नाही. पण उशिराच्या फटीतून पुतणे शिरतात, हे ध्यानी ठेवा.

मग तुमची नोंद गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत पडते. तिला नंबर मिळतो, तो लिहून घ्या. नोंदीची प्रत चावडीवर लागते आणि हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो, आणि मग नाव सातबाऱ्यावर चढते. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, दोन्ही पक्षांस बोलावून चौकशी होते आणि लेखी निर्णय होतो.

हरलेला माणूस येथे हरकत घेणारच. कोर्टात जे अकरा वर्षे सांगून झाले, तेच तो मंडळ अधिकाऱ्यापुढे नव्याने सांगेल. आपण भिऊ नये. ज्या गोष्टीचा निकाल त्याच पक्षकारांत कोर्टाने दिला, तिचा निवाडा महसूल अधिकाऱ्याने पुन्हा करायचा नसतो. हुकूमनामा त्यालाही बांधतो. तो म्हणेल, ‘मी वर अपील केले आहे.’ विचारा, ‘स्थगितीचा हुकूम दाखव.’ नुसते अपील दाखल झाल्याने निकाल थांबत नाही. वरच्या कोर्टाने लेखी स्थगिती दिली असेल तरच थांबतो. अर्थात अपिलात निकाल फिरला तर नोंदही फिरेल, हे आपणही प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे.

आणि नोंद नाकारलीच तर? कपाळास हात लावून घरी बसू नका. निर्णयाची नक्कल मागा आणि साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. अर्जाचे काय झाले हे कोणी सांगत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. तीस दिवसांत उत्तर मागता येते. ‘चहापाण्याचे बघा’ असे कोणी म्हणाला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी १०६४ हा लेकरांनासुद्धा पाठ करून द्या. ज्या पैशाची पावती नाही, तो पैसा देऊ नका. पावतीवाचून दिलेला पैसा म्हणजे आपल्याच हाताने आपल्या हक्कावर ठेवलेला दगड.

येथे आणखी एक भेद सांगतो. नाव लिहिताना ‘काशीबाई’चे ‘काशीराव’ झाले, किंवा चार एकराचे क्षेत्र उतरवताना आकडा चुकला, तर तो लेखनदोष. त्याची दुरुस्ती तहसीलदाराकडे कलम १५५ खाली होते. पण मालक कोण हाच वाद असेल, तर तो लेखनदोष नव्हे. या दोहोंची गल्लत करून कोणी ‘कलम १५५ मध्ये नाव चढवून देतो’ म्हणून पैसे मागू लागला, तर तो तुमचा हितकर्ता नव्हे.

शेवटचे काम सर्वांत सोपे, आणि तेच लोक विसरतात. नोंद प्रमाणित झाली असे कानाने ऐकून थांबू नका, डोळ्यांनी पाहा. हल्ली डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. तो काढा. आठ-अ चा खाते उतारा काढा. ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तेथे हरलेल्याने काढलेल्या कर्जाचा बोजा तुमच्या हिश्श्यावर बसला आहे काय? ‘दावा चालू’ अशी जुनी नोंद तशीच पडून आहे काय? असेल तर तीही काढण्यास अर्ज द्या. मगच सोसायटी, बँक आणि विमा यांच्याकडे नवा उतारा नेऊन द्या.

आमच्या कारागीर बंधूंस वाटेल, हे सगळे शेतवाल्यांचे. तसे नव्हे. कुंभाराचा आवा, लोहाराचा भाता, विणकराचा माग ज्या जागेवर आहे, ती गावठाणातली जागा सातबाऱ्यावर नसते. तिचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते, आणि तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकतपत्रिका तयार होऊ लागल्या. आपल्या गावी मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर कोणाचे नाव आले ते पाहून घ्या. घराच्या दाव्याचा निकाल लागला असेल, तर त्याची नोंद भूमी अभिलेख कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत, दोन्हीकडे करून घ्या. शेतास जो नियम, तोच घरास.

आता एक कडू गोष्ट. कोर्टात जाणाऱ्यांत आज आपल्या बहिणी पुष्कळ आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ साली सर्व देशासाठी तसा कायदा झाला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली बाप हयात होता की नव्हता, याने मुलीचा हक्क अडत नाही. तरी बहिणीने निकाल मिळविला की तिला माहेर तोडण्याची धमकी मिळते, आणि तिचे नाव लागू नये म्हणून भाऊ चावडीवर हरकत घेतात. भटाने लुटले, सावकाराने लुटले म्हणून आपण बोंब मारावी, आणि आपल्याच बहिणीचे ताट आपणच ओढावे, हा कुठला न्याय? बहिणीने मनापासून हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण धाकाने घेतलेली सही ही चोरीच होय.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याचा हक्क मारला जातो, त्याने पायरी चढू नये तर काय करावे? तरीही जेथे मिटते तेथे मिटवा. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेले कोर्टशुल्क परत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातीचे लोक आणि गरीब पक्षकार यांस विधी सेवा समितीमार्फत फुकट वकील मिळतो. मात्र तडजोड झाली तरी तिचा कागद चावडीवर न्यावाच लागतो.

आमच्या चुलतीचे नाव आता तिच्या हिश्श्यावर लागले आहे. पहिला डिजिटल सातबारा निघाला त्या दिवशी तिने तो नातीकडून तीनदा वाचून घेतला, आणि मग त्याच जुन्या फडक्यात बांधला. बंधुभगिनींनो, पेटीत ठेवावयाचा कागद तो हा. आज घरी गेल्यावर आपापली पेटी उघडा. आत एखादा निकाल निजला असेल, तर त्यास उठवा, आणि उद्या सकाळीच चावडीची वाट धरा.